आवाजाच्या पायऱ्या

[ध्वनिवर्धकाचा आवाज आकड्यांनी कमी-जास्त करणारे एक छोटे यंत्र कसे बनवावे, हे प्रस्तुत पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे. यंत्रमागाच्या गावात राहणाऱ्या माणसांनी आपल्या कानांची काळजी का घ्यावी, हेही या पाठातून तुम्हांला समजेल.]

विद्यार्थिमित्रांनो, भिवंडीतल्या कोणत्याही गल्लीत क्षणभर डोळे मिटून उभे राहा. काय ऐकू येते? खटखट, खटखट, खटखट! यंत्रमागांचा हा आवाज आपल्या इतका सवयीचा झाला आहे की, तो चालू असताना आपले त्याकडे लक्षच जात नाही. वीज गेली आणि माग थांबले की मात्र आपण दचकतो. "अरे, काय झाले?" असे एकमेकांना विचारतो. आपल्या गावात गोंगाट नव्हे, तर शांतताच कानाला खटकते!

कामतघरला वऱ्हाळादेवीच्या तलावाजवळ गेले की हा आवाज थोडा मागे पडतो. त्या भागात माझा एक विद्यार्थी राहत असे. तो दहावीत होता. एके दिवशी शाळा सुटल्यावर तो एक जुना ॲम्प्लिफायर पिशवीत घालून माझ्याकडे आला.

"सर, याचे बटन फिरवले की खरखर होते. एका बाजूचा स्पीकर मध्येच बंद पडतो."

"कोणते बटन?" मी विचारले.

"आवाजाचे, सर."

'आवाज' हा शब्द तुम्हांला घरचाच वाटेल. तो फारसीतून जसा उर्दूत आला, तसाच मराठीतही आला आणि इथलाच होऊन राहिला. त्या दिवशी आम्ही या आवाजाचे बटन उघडून पाहायचे ठरवले.

बटनाखाली एक गोल डबी असते. तिला पोटेन्शियोमीटर म्हणतात. तिच्या आत घोड्याच्या नालेसारखी वाकलेली एक काळी पट्टी असते. ही पट्टी कार्बनची असते. बटन फिरवले की धातूचा एक छोटा हात या पट्टीवरून सरकतो. तो एका टोकाला गेला की पूर्ण आवाज, दुसऱ्या टोकाला गेला की शांतता. गाण्याचा विद्युतसंकेत या पट्टीतून आणि या हातातूनच पुढे जातो. आमच्या डबीत काय होते, ओळखा पाहू! धूळ तर होतीच. पण सुताचे बारीक तंतूही होते. भिवंडीच्या हवेत हे तंतू सगळीकडे उडतात. पट्टी झिजली होती आणि हात तिला नीट टेकत नव्हता. म्हणून खरखर होत होती.

"दुकानदाराने मागच्याच वर्षी नवे बटन बसवले होते," तो म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारले, "सर, धूळ बसली तरी खरखरणार नाही, असे बटन नसते का?"

प्रश्न चांगला होता. चांगल्या प्रश्नाला नुसते उत्तर देऊन भागत नाही. काहीतरी करून दाखवावे लागते. आम्ही दोघांनी ते बनवले. कसे, ते आता पाहू या.

आधी ॲम्प्लिफायरचे काम समजून घेऊ. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी सुताचे काम चालते. बाजारातून आणलेले सूत तसेच मागावर चढवतात का? नाही. आधी त्याचा ताणा करतात. तो सायझिंगला जातो. तेथे खळ लावून धागा मजबूत करतात. मगच तो मागावर चढतो. आवाजाचेही तसेच आहे. मोबाइल, टेपरेकॉर्डर किंवा मायक्रोफोन यांच्याकडून येणारा संकेत अशक्त असतो. तो थेट स्पीकरला दिला तर स्पीकर नीट बोलणार नाही. म्हणून आधी प्रिॲम्प्लिफायर त्या संकेताला तयार करतो. किती आवाज हवा, तेही तेथेच ठरते. मग मुख्य ॲम्प्लिफायर त्याला ताकद देऊन स्पीकरकडे पाठवतो. प्रिॲम्प्लिफायर हे आवाजाचे सायझिंगच म्हणा ना!

आता एक गंमत पाहा. एका खोलीत एकच माग चालू आहे. शेजारी दुसरा सुरू झाला, तर तुम्हांला लगेच कळेल. पण वीस माग चालू असताना एकविसावा सुरू झाला तर? कळणार नाही. दोन्ही वेळा भर पडली ती एकाच मागाची. मग असे का? कारण आपला कान बेरीज ऐकत नाही, पट ऐकतो. एकाचे दोन झाले म्हणजे आवाज दुप्पट झाला. विसाचे एकवीस झाले म्हणजे केवळ विसाव्या हिश्शाने वाढला.

म्हणून आवाजाचे माप पटींवर आधारलेले आहे. या मापाला डेसिबल म्हणतात. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून हा शब्द तयार झाला. ध्वनीची शक्ती दुप्पट झाली की सुमारे ३ डेसिबल वाढतात. विद्युतसंकेताचे व्होल्टेज दुप्पट झाले की शक्ती चौपट होते; म्हणून तेथे सुमारे ६ डेसिबल वाढतात. आमच्या यंत्रात मूळ संकेताला ० डेसिबल मानले आहे. संकेत निम्मा केला की −६, दहावा हिस्सा केला की −२०, शंभरावा हिस्सा केला की −४० आणि हजारावा हिस्सा केला की −६०. उणे चिन्ह पाहून गोंधळू नका. '−४०' म्हणजे 'मूळ संकेतापेक्षा ४० डेसिबल कमी', एवढाच त्याचा अर्थ.

आता जुन्या बटनाची दुसरी अडचण लक्षात येईल. साधी कार्बनपट्टी असेल, तर बटन पूर्ण टोकापासून मध्यावर आणले तरी आवाज ६ डेसिबलच कमी होतो. कानाला तो थोडासाच कमी वाटतो. उरलेला सारा फरक शेवटच्या थोड्याशा वळणात कोंबलेला असतो. यावर उपाय म्हणून आवाजासाठी खास प्रकारच्या पट्ट्या बनवतात. पण डाव्या आणि उजव्या बाजूच्या दोन पट्ट्या अगदी सारख्या निघतीलच, असे नाही. म्हणूनच बटन अगदी खाली असताना कधीकधी एकच स्पीकर बोलतो.

मुंबईला ग्रँट रोड स्थानकाजवळ लॅमिंग्टन रोड आहे. त्याचे आजचे नाव डॉ. भडकमकर मार्ग असे आहे. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळण्यासाठी हा बाजार प्रसिद्ध आहे. तेथून आम्ही तीन मुख्य वस्तू आणल्या.

पहिली वस्तू म्हणजे पीजीए२३११ नावाची सोळा पायांची चिप. तिच्या आत रोधांची एक शिडी आणि पुष्कळ इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. आपण तिला ० ते २५५ यांपैकी एक आकडा पाठवायचा. त्या आकड्याप्रमाणे ती आवाजाची पायरी निवडते. प्रत्येक पायरी अर्ध्या डेसिबलची असते. ० पाठवला की पूर्ण शांतता. १ पाठवला की −९५.५ डेसिबल. १९२ पाठवला की ०, म्हणजे संकेत जसाच्या तसा. २५५ पाठवला की +३१.५ डेसिबल. हिशेब सोपा आहे. आकड्यातून १९२ वजा करा आणि उत्तराला २ ने भागा, डेसिबल मिळतील. ११२ चे किती? ११२ मधून १९२ गेले, उरले −८०. त्याचे निम्मे −४०. करून पाहा, १५२ चे किती येतात?

या चिपमध्ये डावी व उजवी अशा दोन्ही बाजू असतात आणि दोन्हींच्या पायऱ्या सारख्या असतात. शिवाय आवाजाची लाट शून्यावर येईपर्यंत थांबून मगच पायरी बदलण्याची सोय तिच्यात आहे. त्यामुळे 'टक्' असा आवाज होत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे रोटरी एन्कोडर. दिसायला हे आवाजाच्या बटनासारखेच असते. पण त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. ते गोल गोल कितीही फिरते. आमच्या एन्कोडरला एका फेरीत वीस खाचा होत्या. त्याच्या आत अ आणि ब असे दोन स्विच असतात. उजवीकडे फिरवले की आधी अ बदलतो, मग ब. डावीकडे फिरवले की आधी ब, मग अ. दारातून दोघे जण आत येत असतील, तर आधी कोणाचे पाऊल पडले यावरून ते कोणत्या बाजूने आले हे आपण ओळखतो ना? तसेच हे आहे.

तिसरी वस्तू म्हणजे मायक्रोकंट्रोलर. हा एका चिपमध्ये मावणारा छोटा संगणक असतो. इंटेल कंपनीचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर १९८० मध्ये आला आणि जगभर गाजला. आम्ही आर्डुइनो नावाचा तयार बोर्ड वापरला. त्याची सुरुवात २००५ मध्ये इटलीतील इव्हरिया या गावी विद्यार्थ्यांसाठीच झाली. आमच्या बोर्डावर एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर होता. त्यात कार्यक्रम साठवायला ३२ किलोबाइट जागा असते. वीज गेली तरी आकडे टिकून राहतील अशी १ किलोबाइटची एक वहीही असते. या वहीला ईईप्रॉम म्हणतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. गाणे मायक्रोकंट्रोलरमधून जात नाही. तो केवळ एन्कोडरच्या खाचा मोजतो आणि चिपला आकडा कळवतो. गाणे चिपमधून जाते. एन्कोडरमध्ये धूळ बसली तर एखादी खाच मोजायची राहील. पण स्पीकर खरखरणार नाही. कारण ज्या बटनाला आपण हात लावतो, त्यातून आता आवाज वाहतच नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

जोडणी अशी केली. चिपला +५ आणि −५ व्होल्ट असा दुहेरी वीजपुरवठा लागतो. ९-०-९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरपासून, ७८०५ आणि ७९०५ हे दोन रेग्युलेटर वापरून तो तयार केला. २३० व्होल्टच्या जोडणीला मुलांनी कधीही एकट्याने हात लावू नये. ते काम मी स्वतः केले. चिपच्या प्रत्येक वीजपुरवठ्याच्या पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे एकेक कपॅसिटर लावले. मायक्रोकंट्रोलरपासून चिपपर्यंत तीन तारा नेल्या. पहिली तार सांगते, "ऐक, आता आकडा येतो आहे." दुसरी टाळ्यांसारखा ठेका देते. तिसरी प्रत्येक ठेक्याला ० किंवा १ पाठवते. असे सोळा ठेके होतात : आधीचे आठ उजव्या बाजूसाठी, नंतरचे आठ डाव्या बाजूसाठी. पायरीचे डेसिबल दिसावेत म्हणून एक छोटा पडदाही लावला.

आता कार्यक्रम लिहायचा होता. माझ्या विद्यार्थ्याने तो दोन दिवसांत लिहिला. उजवीकडे एक खाच फिरवली की आकड्यात २ मिळवायचे, म्हणजे आवाज १ डेसिबलने वाढतो. डावीकडे फिरवली की २ वजा करायचे. शेवटचा आकडा ईईप्रॉमच्या वहीत लिहायचा आणि वीज आल्यावर तोच वाचून चिपला पाठवायचा. सारे कसे व्यवस्थित वाटत होते. शाळेच्या प्रयोगशाळेत आठ-दहा मुले गोळा झाली. मोबाइलवर गाणे लावले आणि मी वीज चालू केली.

त्याबरोबर असा काही आवाज झाला की, मुलांनी कान झाकले आणि एक मुलगा तर बाकावरून खाली उतरला! मी झटकन वीज बंद केली. डाव्या स्पीकरचा पडदा फाटला होता.

काय चुकले होते? आम्ही तासभर शोधत बसलो. तारा बरोबर होत्या. चिपही बरोबर होती. शेवटी त्यानेच चूक शोधली. ईईप्रॉमची वही कोरी होती. कोऱ्या वहीत ० असेल, असे आम्ही गृहीत धरले होते. पण कोऱ्या ईईप्रॉममधून ० नव्हे, तर २५५ वाचला जातो! आणि आमच्या चिपला २५५ म्हणजे सगळ्यांत वरची पायरी. यंत्राने आज्ञा मोडली नव्हती. आम्ही जे सांगितले, तेच त्याने केले. मोठा आवाज कानाला त्रास देतो, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते.

त्या दिवशी आम्ही कार्यक्रम नव्याने लिहिला. त्याच्या पायऱ्या अशा होत्या :

१. वीज आली की आधी शांतता. कार्यक्रम सुरू होईपर्यंत चिपचा 'म्यूट' हा पाय एका रोधाने जमिनीशी जोडलेला राहील.

२. वहीतला आकडा वाचा. पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तो ११२ पेक्षा जास्त असेल तर ११२ धरा. म्हणजे सुरुवात −४० डेसिबलच्या वर कधीच होणार नाही.

३. त्या आकड्यापर्यंत एकदम उडी मारू नका. दर २० मिलिसेकंदांनी एकेक पायरी चढा. ११२ पायऱ्या चढायला सुमारे सव्वादोन सेकंद लागतात.

४. बटन कितीही फिरवले तरी १७२ च्या, म्हणजे −१० डेसिबलच्या, वर जाऊ नका.

५. बटन थांबल्यावर तीन सेकंदांनी आकडा वहीत लिहा.

शेवटचा नियम कशासाठी? ही वही सुमारे एक लाख वेळा लिहिता येते, असे ती बनवणारे सांगतात. समजा, आपण दिवसाला शंभर खाचा फिरवतो आणि प्रत्येक खाचेला लिहितो. मग वही हजार दिवसांत, म्हणजे तीन वर्षांच्या आतच, संपू शकेल. बटन थांबल्यावर एकदाच लिहिले आणि असे दिवसातून दहा वेळा झाले, तर ती दहा हजार दिवस पुरेल. दहा हजार दिवस म्हणजे सत्तावीस वर्षांहून अधिक!

फाटलेला स्पीकर बदलला. यंत्र त्याच्या कामतघरच्या घरी बसवले. खरखर गेली. अम्मीला, दादीला, सर्वांना ते आवडले. मी त्याला एक काम सांगितले. "घरातल्या प्रत्येकाने एकच गाणे, एकाच जागी बसून ऐकायचे. बटन खालून वर न्यायचे आणि जेथे बरे वाटेल तेथे थांबायचे. पडद्यावरचा आकडा तू वहीत लिही. आठ दिवस असे कर."

आठ दिवसांनी त्याने वही आणली. अम्मी बहुतेक रोज −३८ वर थांबत होती. तो स्वतः −३७ वर. सत्तर वर्षांची दादी −३४ वर. आणि अब्बू? −२०.

"सर, यंत्रात काही चूक आहे का?" त्याने विचारले.

आम्ही यंत्र पुन्हा तपासले. चूक यंत्रात नव्हती. अम्मी आणि अब्बू यांच्या आकड्यांत १८ डेसिबलचा फरक होता. म्हणजे अब्बूंना जवळजवळ आठपट व्होल्टेज लागत होते. सत्तर वर्षांच्या दादीपेक्षाही बेचाळीस वर्षांच्या अब्बूंना मोठा आवाज हवा होता. अब्बू वीस वर्षे यंत्रमागावर पाळी करत होते. घरात सर्वांना वाटे की, अब्बूंना मोठ्याने गाणी ऐकायची हौस आहे. यावरून कधीकधी कुरबूरही होई. पण ती हौस नव्हती. त्यांना हळू ऐकूच येत नव्हते. ते इतके हळूहळू घडले होते की, खुद्द त्यांनाही कळले नव्हते.

असे का होते? येथे डेसिबलचे दुसरे मोजमाप येते. खोलीतला आवाज मोजताना माणसाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाला ० मानतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. यंत्रमागाच्या कारखान्यातला आवाज बहुधा ९० च्या वरच असतो. आपल्या देशातील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्था त्याहून सावध आहे. तिच्या मते ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ८८ मध्ये चार तास आणि ९१ मध्ये दोनच तास काम करावे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. का, ते आता तुम्ही सांगू शकाल; कारण ३ डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट!

आपल्या प्रत्येक कानाच्या आत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांचे केस हलतात आणि मेंदूला निरोप जातो. सततच्या गोंगाटाने या पेशी मरतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात. 'स', 'श', 'फ' यांसारखी अक्षरे नीट कळत नाहीत. माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द समजत नाही."

आमचे यंत्र म्हणजे काही कान तपासण्याचे साधन नव्हे. त्याने केवळ इशारा दिला. खरी तपासणी तज्ज्ञांनीच करायची असते. मुंबईत बांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली एक राष्ट्रीय संस्था आहे. वाचा व श्रवण यांत अडचण असलेल्या व्यक्तींसाठी ती काम करते. महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. पाळीतून सुट्टी घेऊन अब्बू तेथे जायला प्रथम तयार नव्हते. "मला काय झाले आहे? मी बहिरा आहे का?" असे ते म्हणाले. तेव्हा मुलाने काही न बोलता ती वही त्यांच्यापुढे ठेवली. अब्बूंनी आकडे वाचले. दादीचा आकडा त्यांनी दोनदा वाचला. दुसऱ्या आठवड्यात ते बांद्र्याला गेले.

तपासणीत दोन्ही कानांचे उंच स्वर कमी झालेले आढळले. गेलेले ऐकू येणे परत येणार नव्हते. पण उरलेले वाचवता येणार होते. आता ते कारखान्यात कानात फोमचे प्लग घालतात. पूर्वी कधीकधी ते कापसाचा बोळा घालत. कापूस आपल्या गावात मुबलक आहे. पण गोंगाट अडवायला तो फारसा उपयोगी पडत नाही.

मुलाला मात्र एक प्रश्न पडला. "सर, अब्बूंना ऐकू यावे म्हणून आवाज वाढवायचा, की त्यांचे कान वाचावेत म्हणून कमी करायचा?"

मी म्हणालो, "बटनाला हात लावण्याआधी स्पीकर कोठे आहे, ते पाहा."

स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर, अब्बूंच्या खुर्चीपासून बारा फुटांवर होता. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत भिंतींमुळे थोडा कमी वाढतो. त्यांनी एक स्पीकर खुर्चीजवळ, तीन फुटांवर आणला. त्या रात्री अब्बू −२९ वर थांबले. त्यांना गाणे स्पष्ट ऐकू येत होते आणि घरात इतरांना त्रासही होत नव्हता. मग वरची मर्यादा −१० वरून −२४ वर आणायला त्यांनी स्वतःच मुलाला सांगितले. मुलाने कार्यक्रमातला एकच आकडा बदलला.

मित्रांनो, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नियम कागदावर आहेत. बटन मात्र आपल्या हातात आहे. आपला कान गोंगाटाला सरावतो आणि आपल्याला फसवतो. आकडा सरावत नाही. म्हणून अधूनमधून आकडा पाहावा.

जुने बटन खराब झाले, तर लॅमिंग्टन रोडवर दुसरे मिळते. स्पीकर फाटला, तर तोही मिळतो. कानातल्या केसपेशी मात्र कोणत्याच बाजारात मिळत नाहीत. आज घरी गेल्यावर पाहा बरे, तुमच्या घरात सर्वांत मोठा आवाज कोणाला लागतो?

शब्दार्थ

खळ – सुताला लावायची कांजी. रोध – विजेच्या प्रवाहाला अडवणारा भाग. खाच – लहान खोबण. गृहीत धरणे – आधीच खरे मानून चालणे. पाळी – कामाची ठरलेली वेळ. कुरबूर – किरकोळ तक्रार. मुबलक – भरपूर. सरावणे – सवय होणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जुन्या बटनाच्या डबीत काय साचले होते?
(आ) कोऱ्या ईईप्रॉममधून कोणता आकडा वाचला जातो?
(इ) अब्बू तपासणीसाठी कोठे गेले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) एन्कोडरमध्ये धूळ बसली तरी स्पीकर खरखरत नाही.
(आ) बटन थांबल्यावर तीन सेकंदांनीच आकडा वहीत लिहिला जातो.
(इ) अब्बूंचा आकडा −२० वरून −२९ वर आला.

प्र. ३. हिशेब करा.
(अ) चिपला १३२ हा आकडा पाठवला, तर किती डेसिबल?
(आ) −२४ डेसिबल हवे असतील, तर कोणता आकडा पाठवावा?

प्र. ४. 'कान बेरीज ऐकत नाही, पट ऐकतो' हे विधान स्वतःचे उदाहरण देऊन पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

प्र. ५. आवाज, हिशेब, कारखाना हे शब्द उर्दूत व मराठीत दोन्हीकडे आहेत. असे आणखी दहा शब्द शोधा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : कारखान्यात काम करणाऱ्या एका व्यक्तीला भेटा. कामाच्या जागी कानांची काळजी कशी घेतली जाते, ते विचारा आणि मिळालेली माहिती वर्गात मराठीतून सांगा.